छत खाली येणारी खोली

३ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. खुशाली कळली. चिरंजीवांची बोट अजून दोन महिने तरी किनाऱ्याला लागत नाही, हेही कळलं. पण पाकिटातून तुझ्या अक्षरातला आणखी एक कागद निघाला. चुकून आला असावा. मी तो तीनदा वाचला आणि कालपासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही.

तू नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहेस. तेव्हा हे तुमच्याकडे दुरुस्तीला आलेलं कुठलंतरी तळघर असणार, हे उघड आहे. मी छत्तीस वर्षं कारखान्यांची सुरक्षा-तपासणी केली. पिठाच्या गिरण्या पाहिल्या, ओतशाळा पाहिल्या, एकदा तर फटाक्यांच्या गोदामात विडी ओढणारा पहारेकरी पाहिला. पण असलं तळघर बापजन्मात पाहिलं नाही.

खोली दोन. दहा फूट खोल खड्डा, वर सैल फरशी, तळाशी खिळे. कठडा नाही, फलक नाही. खड्डा एक वेळ समजू शकतो, पण खिळे कशासाठी? खोली चार. छतावरून हिरवा चिकट द्रव ठिबकतो, 'अंगावर पडल्यास मांस व चिलखत दोन्ही विरघळतात.' चिलखत म्हणजे कामगारांचा संरक्षक पोशाख असं मी धरतो. म्हणजे पोशाख दिलाय, पण हलक्या दर्जाचा. खोली पाच. पिवळी बुरशी, धक्का लागला की धूळ उडते आणि श्वास कोंडतो. एक झरोका पाडायला काय धाड भरली होती? आणि खोली सात. 'छत हळूहळू खाली येते.' त्यापुढे तू लिहिलंयस, 'हे तसंच ठेवावं का?' अगं, ही काय विचारायची गोष्ट झाली?

समासात 'मागच्या वेळी इथे चार मेले' अशी नोंद आहे. ती वाचून तर मला तुझीच काळजी वाटायला लागली.

तू तिथे पाऊल टाकू नकोस. मालक कोण ते कळव. खात्यात माझ्या हाताखाली तयार झालेला एक अधिकारी आज मोठ्या खुर्चीत आहे. त्याच्यासाठी तक्रारीचा मसुदा लिहून ठेवला आहे. फोन मात्र करू नकोस. मला ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांना सगळं ऐकू येतं. पत्रच लिही, पण लगेच.

बाबा


७ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. आधी कान पकडते, मग लिहिते. तक्रार पाठवू नका!

ते तळघर कुठेच नाही. म्हणजे आहे, पण एका वहीत. तो एक खेळ आहे.

नीट सांगते. चारपाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण खेळ चालवतो. त्याच्यासमोर भुयाराचा नकाशा असतो आणि कुठल्या दारामागे काय आहे ते फक्त त्याला ठाऊक असतं. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदू. 'तुम्ही दार ढकललंत, समोर अंधार आहे, आता काय करता?' असं तो विचारतो. आपण जे करू म्हणू ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. समासातले मेलेले चार म्हणजे चार पात्रं. त्यांचे मालक घरी जाऊन व्यवस्थित जेवले.

हे भुयार मास्तरांचं. मास्तर म्हणजे इथले घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. चाळीस वर्षं दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनीच हा खेळ चालवला. आता डोळ्यांनी दगा दिलाय. दुकान बंद झालं आणि स्वतःच्या वहीतलं स्वतःचं अक्षरही लागेना. मग एक दिवस वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तू चालव. मी आता खेळायला बसतो."

अडचण अशी की वही जुन्या नियमांची आहे. जुन्या नियमांत खड्ड्यात पडलात की एक फासा टाकायचा. आकडा आला तर वाचलात, नाही तर राम म्हणा आणि नवं पात्र घ्या. पात्र बनवायला तेव्हा पाच मिनिटं लागायची. नव्या नियमांत पात्राचा स्वभाव, शिक्षण, आधीचा धंदा, सगळं लिहावं लागतं. दोन तास खपून घडवलेला माणूस दुसऱ्याच मिनिटाला खिळ्यांवर मेला की डोकं फिरतं. म्हणून नव्यात धोक्याची चाहूल आधी लागायला हवी, त्यावर तोडगा हवा, आणि इजा टप्प्याटप्प्याने व्हायला हवी. मी मास्तरांचे सगळे जुने सापळे तसे बदलतेय. तुम्हाला आला तो कागद त्याचाच.

आमच्यातल्या दंतवैद्यीणबाईंना नवेच नियम येतात. बेकरीवाल्या मावशी आणि निवृत्त टपालकाका जुन्याचे कट्टर. "नवे नियम म्हणजे बिनदातांचं जेवण," असं टपालकाका दंतवैद्यिणीच्या तोंडावर म्हणतात. शेवटी ठरलं की मी दोन शनिवार खेळ चालवायचा आणि मग सगळ्यांनी मत द्यायचं. जमलं नाही तर वही कपाटात जाईल, खोलीची किल्ली वाचनालयाला परत, आणि ज्याने त्याने आपापल्या घरी बसायचं.

तुम्हाला हा पोरखेळ वाटेल. पण खरं सांगते बाबा, या गावात येऊन मला आठ महिने झाले. कचेरीत सगळे मान खाली घालून रेघा ओढतात. घरी तुमचे चिरंजीव नाहीत. शनिवार वगळला तर आठवड्यात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं कुणी नाही. ते टेबल मोडलं तर इथे माझं म्हणावं असं काही उरत नाही. म्हणून कागदावर इतकी खाडाखोड.

घास उतरला ना आता? नीट जेवा.

तुमची सून


२६ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

तुझं पत्र यायला एक दिवस उशीर झाला. मसुदा आदल्या दिवशीच, मालकाच्या नावाशिवायच, गेला होता.

मग मी स्वतः खात्यात जाऊन तो मागे घेतला. माझ्या त्या अधिकाऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि दाराशी पोहोचवायला आला तेव्हा विचारलं, "साहेब, तो हिरवा द्रव प्रयोगशाळेत पाठवायचा का?" जिन्यावरून उतरेपर्यंत मला मागे हसणं ऐकू येत होतं. मला! म्हणजे किती मोठ्याने हसले असतील बघ. अठरा दिवस पत्र लिहायचं तोंड झालं नाही ते यामुळे.

पण वाचलेला कागद डोक्यातून जाईना. ज्याचं त्याचं व्यसन. तेव्हा आता विचारूनच टाकतो. त्या भुयारात पहारेकरी राहतात असं त्या कागदावर तू लिहिलं आहेस. त्यांची झोपायची जागा खोली तीन, स्वयंपाकघर खोली एक. मधे खोली दोन, खड्ड्याची. मग ते रोज जेवायला जातात कसे? दिवसातून दोनदा उडी मारतात का? हातात ताट घेऊन? ज्याने खड्डा केला त्याने आपल्या माणसांसाठी वाट ठेवलीच असणार. आणि वाट असली की तिच्यावर पावलांचे डाग पडतात. मी कितीतरी कारखान्यांत मालकाने लपवलेली धोक्याची जागा नुसत्या फरशीवरून ओळखली. जिथून माणसं वळून जातात तिथे काहीतरी असतं.

मी नव्या तपासनिसांना शिकवायचो, कुठलाही धोका समोर आला की तीन प्रश्न विचारा. काय दिसतं? कशाने सुटतं? कशाने थांबतं? या तिन्हींची उत्तरं सापडली की धोका निम्मा झाला. अपघात अचानक होत नाही, सूनबाई. अचानक होतो तो फक्त अहवालात.

खेळाचं मला काही कळत नाही. पोरखेळ म्हणायचं मनात होतं, पण तू त्या टेबलाबद्दल लिहिलंस ते वाचलं आणि नाही म्हणवलं.

बाबा


३ मार्च

ती. बाबा,

पहारेकरी जेवायला जातात कसे! चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी कचेरीत बसून तुमचं पत्र वाचलं आणि एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरच्याने मान वर केली, तेवढंच त्याचं दर्शन झालं.

आता खोली दोन अशी आहे. डाव्या भिंतीलगत पाऊलभर रुंदीच्या फरश्या झिजून गुळगुळीत झाल्यात, बाकीच्यांवर धूळ आहे. जो खाली बघेल त्याला दिसेल. जो बघणार नाही तो पडेल, पण पडता पडता कडा धरायला एक फासा मिळेल. तोही चुकला तर खिळे लागतील, पण सरळ मरण नाही. बारा जीव असले तर सात जातील आणि माणूस पाचावर लंगडत वर येईल. (जीव म्हणजे पात्राच्या अंगातली ताकद. शून्य झाली की संपलं.)

खोली चारमध्ये ठिबकणाऱ्या द्रवाखाली उंदरांची हाडं ठेवली, अगदी घासून पुसून ठेवल्यासारखी स्वच्छ. ते दिसतं. अंगावर पडला की आधी चिलखत जातं, मग एक फेरी (म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी) सोडून कातडी. मधल्या वेळात विस्तवाने जाळता येतो. ते थांबतं. पिवळ्या बुरशीसाठी तोंडावर ओलं फडकं पुरतं. तुमचे तीन प्रश्न मी पुठ्ठ्यावर लिहून टेबलासमोर टांगलेत.

पहिला शनिवार पंधरा तारखेला. आणखी काही सुचत असेल तर कळवा. हयगय नको.

सून


८ मार्च

चि. सूनबाई,

सुचतंय म्हणजे काय, झोपेत सुचतंय. लिहून घे. खोली एकच्या बाहेर दिवा हवा. खड्ड्याला कठडा, निदान दोरी तरी. हिरव्या द्रवाखाली वाळूच्या बादल्या. बुरशीच्या खोलीबाहेर ओल्या फडक्यांची खुंटी, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. प्रत्येक वळणावर बाण. पहारेकऱ्यांनी जुन्या अपघातांच्या नोंदी भिंतीवर कोरून ठेवल्या असतील तर फारच उत्तम, माणूस वाचून शहाणा होतो. खोली सहाच्या ज्या बोगद्यात दगड गडगडत येतो, तिथे दर वीस फुटांवर अंग चोरायला कोनाडा पाहिजे.

दहा फूट म्हणजे किती ते बघायला मी आपला बोळ मोजला. शेजारच्या काकू विचारत होत्या, घर विकताय का म्हणून. मी म्हटलं, नाही, सापळा बसवतोय. तेव्हापासून त्या पलीकडच्या बाजूने जातात.

फार वर्षांनी काम मिळालं बघ.

बाबा


१७ मार्च

ती. बाबा,

पहिला शनिवार पार आडवा झाला.

तुमचं काही चुकलं असं म्हणत नाही, मीच हावरटासारखं सगळं घातलं. कठडा, बादल्या, बाण, कोरलेल्या नोंदी. सगळे दोन तासांत सहा खोल्या फिरून आले. कुणाला ओरखडासुद्धा नाही. टपालकाकांनी दोनदा जांभई दिली, दुसरी तर मला दाखवून दिली. दंतवैद्यीण, जी माझ्या बाजूची, ती म्हणाली, "छान आहे गं भुयार. सुट्टीत राहायला यावं असं." मावशी टेबलावरचे पावाचे चुरे गोळा करत राहिल्या. त्या तसं करतात तेव्हा त्यांचं मन उडालेलं असतं.

सगळ्यात वाईट मास्तरांचं. एरवी खेळ चालवताना हा माणूस टेबलावर हात आपटतो, कुजबुजतो, दचकवतो. परवा पहिल्यांदा खेळायला बसले आणि सबंध वेळ मिटल्या तोंडाने बसून राहिले. "तुमचा चोर काय करतो?" विचारलं की, "बाकीचे करतील ते." शेवटी चष्मा घडी करून खिशात घातला आणि काठी शोधायला लागले. त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामाची मी माती केली आणि ते माझ्यावर रागावलेत. रागावतील नाहीतर काय.

या शनिवारी खोलीत वाचनालयाचं प्रदर्शन आहे, म्हणून दुसरा डाव एकोणतीसला. उरलेली खोली एकच, सात नंबरची. छत खाली येणारी. त्यानंतर मत. टपालकाकांनी पत्त्यांचा जोड आणून कपाटात ठेवलाय, मी पाहिला.

कालपासून वही उघडलेली नाही. रडले थोडी, ते लपवत नाही.

सून


२१ मार्च

चि. सूनबाई,

चूक माझी आहे. मी तुझ्या भुयाराचा दवाखाना करून टाकला. धोका काढून टाकणं हे माझं काम होतं, तुझं नव्हे, आणि ते मला कळायला हवं होतं.

मास्तरांच्या बाबतीत मात्र तुझा अंदाज चुकतोय. ते रागावलेले नाहीत. अगं, ज्याने खड्डा खणला तो त्यात पडेल कसा? कुठल्या दारामागे काय आहे ते त्यांना पाठ आहे. सांगितलं तर खेळ नासतो, आणि माणूस प्रामाणिक, म्हणून तोंड मिटून बसले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना दचकवलं, आता कुठे स्वतः दचकायला बसले, तर तू त्यांच्याच खड्ड्याला दोरी बांधून दाखवलीस. सात नंबरची खोली अशी कर की ती त्यांनाही नवी वाटली पाहिजे.

आता पुढचं. हे मी तुझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही.

एका कारखान्यात पत्रा ठोकायचं मोठं दाबयंत्र होतं. त्याची थांबवायची खिटी आतल्या बाजूला, आणि ओढल्यावरही यंत्र आणखी एकदा खाली यायचंच. तशी रचनाच होती. नियमात बसत होती, मीच पास केली होती. एकदा एका कामगाराची बाही अडकली. त्याच्या शेजारच्याने आत हात घालून खिटी ओढली. यंत्र एकदा खाली येणार हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. सोबती वाचला, याची दोन बोटं गेली.

अहवालात कारणाच्या रकान्यात दोनच पर्याय होते. यंत्रातील दोष, नाही तर कामगाराचा निष्काळजीपणा. यंत्रात दोष नव्हता. मी दुसरं लिहिलं आणि सही केली. तो माणूस नंतरही भेटायचा, हसून नमस्कार करायचा, राहिलेल्या बोटांनी. मला त्याच्याकडे बघवायचं नाही. वीस वर्षं झाली, त्या सहीची लाज अजून वाटते.

तुझं पत्र वाचल्यापासून तो डोळ्यांसमोर आहे. न दिसणाऱ्या खड्ड्याला माणूस भीत नाही, तो कळतो तोच पडल्यावर. त्या माणसाला सगळं दिसत होतं आणि तरी हात घालायचा होता. भीती तिथे असते. तेव्हा छत दिसू दे. दारातूनच दिसू दे. किती फेऱ्यांत खाली येणार तो आकडा मोठ्याने सांग, कुणापासून लपवू नकोस. पलीकडे जाणं भाग पाड. आणि बाकीच्यांनी सुटायचं तर कुणीतरी एकाने मागे थांबायला हवं असं काहीतरी कर. कोण ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

एक अट मात्र माझी. थांबणाऱ्यालाही सुटायची वाट ठेव. अरुंद ठेव, पण ठेव. ती नसेल तर त्याला खोली म्हणत नाहीत, गुन्हा म्हणतात.

वही उघड. रडणं झालं असेल तर.

बाबा


३१ मार्च

ती. बाबा,

सगळं पहिल्यापासून सांगते, मधे उडी मारून शेवट वाचू नका.

सात नंबरच्या दाराशी सगळे आले तेव्हा मास्तर मागे रेलून बसले होते. त्यांच्या वहीप्रमाणे आत गेलं की दार बंद, छत खाली, एक फासा, जगला तर जगला. मी म्हटलं, "दार उघडंच आहे. आत दिवा जळतोय. छत इथूनच दिसतं, खूप उंच. समोरच्या भिंतीत लोखंडी दार, आणि त्या दारापासून लांब, कोपऱ्यात एक दांडा. भिंतीवर वरपासून खालपर्यंत पाच खुणा कोरल्यात."

मास्तर पुढे सरकले. "खुणा? खुणा मी कुठे केल्या होत्या?"

"मास्तर, तुम्ही खेळताय," मावशी म्हणाल्या.

मग मी सगळे आकडे सांगून टाकले. दांडा दाबून धरला की लोखंडी दार उघडतं आणि छत सुटतं. प्रत्येक फेरीला एक खूण खाली. दांडा सोडला की दार मिटतं, पण एकदा सुटलेलं छत थांबत नाही. पाचव्या खुणेला छत जमिनीला टेकतं. मागे पहारेकऱ्यांच्या मशाली दिसायला लागल्यात, म्हणजे परतायची सोय नाही. दंतवैद्यिणीचा वैदू जखमी होऊन मावशींच्या योद्ध्याच्या खांद्यावर होता, त्यांना पलीकडे पोहोचायला पाच फेऱ्या हव्यात. शेवटी जो दांड्याशी असेल त्याला दार मिटायच्या आत झेप घ्यायला वीस बाजूंच्या फाशावर पंधरा किंवा वर पाहिजे. कमी आलं तर छत त्याच्यावर.

टपालकाकांनी जांभई दिली नाही, हे आवर्जून लिहिते. ते म्हणाले, "आकडे आधीच सांगून टाकलेस, त्यात मजा काय?" आणि बोलता बोलता खुर्ची पुढे ओढली. बाबा, तुमचंच खरं.

मग जी वादावादी झाली! मावशी म्हणाल्या मी थांबते, तर खांद्यावरच्याला कोण नेणार? टपालकाकांनी आपला भाला छताखाली उभा केला. तो मोडेपर्यंत एक फेरी वाचणार होती. दंतवैद्यीण ओरडत होती, मला टाका आणि पळा. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "माझा चोर दांड्याशी गेला. तुम्ही निघा."

"अहो, पण..."

"निघा म्हणतो ना!" आणि टेबलावर हात आपटला. तोच जुना हात.

पहिली खूण. दुसरी. तिसरी. मी एकेक मोजत होते. चौथ्या खुणेला तिघं पलीकडे गेले. मास्तरांचा चोर आत, गुडघ्यांवर बसलेला, छत डोक्याला लागलेलं. मास्तरांनी फासा हातात घेतला, फुंकर मारली आणि टाकला.

त्यांना आकडा दिसत नाही. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "किती?"

फाशावर चौदा होते. टपालकाकांनी पाहिले, मावशींनी पाहिले, दंतवैद्यिणीने तोंडावर हात ठेवला. आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. एक वाढवून सांगायचा होता. ते तिघं जन्मात बोलले नसते, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

"चौदा," मी म्हटलं.

मग मास्तर हसायला लागले. असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मेलो की मी! माझ्याच भुयारात मेलो!" मग जरा शांत झाले आणि म्हणाले, "चाळीस वर्षं या खोलीत मी तुम्हाला मारत आलो. कुणाला एकदाही विचारलं नाही, कसा मरणार म्हणून."

टपालकाकांनी खूप वेळ चष्मा पुसला.

आणि बाबा, मत कुणी दिलंच नाही! कप विसळले, खुर्च्या लावल्या, खोलीला कुलूप घातलं आणि सगळे आपापल्या वाटेने गेले. मलाही विचारायचा धीर झाला नाही. जमलं की मोडलं, काहीच कळेना. वाटलं, एका म्हाताऱ्या माणसाला मारून आपण घरी आलो, एक खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

काल रविवार. सकाळी मी केस विंचरत होते आणि दारावर थाप पडली. इतक्या महिन्यांत या दारावर गॅसवाल्याशिवाय कुणी थाप मारलेली नाही, म्हणून आधी कळलंच नाही की आपल्याच दारावर आहे. उघडलं तर मास्तर. एका हातात काठी, दुसरा हात मावशींच्या हातात. मावशींच्या काखेत गरम पाव.

मास्तर म्हणाले, "माझा चोर गेला. मला नवा माणूस करून दे. शनिवारपर्यंत दम धरवत नाही."

घरात दुसरी खुर्ची नाही. मी नकाशांच्या कागदांची पेटी ओढून तिच्यावर मावशींना बसवलं. मग दोन तास मी नव्या नियमांचा लांबलचक कागद वाचत होते आणि मास्तर उत्तरं देत होते. स्वभाव काय? तापट. आधीचा धंदा? घड्याळं. भीती कशाची? यावर बराच विचार करून म्हणाले, "छताची." मावशी पाव कापता कापता इतक्या हसल्या की सुरी खाली ठेवावी लागली.

शेवटी जीव लिहायचे राहिले. मी म्हटलं, "नव्या नियमांप्रमाणे बारा."

"बारा?" मास्तर कडाडले. "आमच्या वेळी चार असायचे! चारांवर आम्ही अख्खी भुयारं पालथी घातली. बारा म्हणजे लाड झाले, लाड!"

मी पेन्सिल थांबवली. "मग चार लिहू?"

"वेडी आहेस का?" मास्तर म्हणाले. "बारा लिही."

सून